कोरंटी दवाखाना आणि परिचारिकांचे शिक्षण

मराठवाड्याच्या गाडीने काचीगुडा स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशास हैद्राबादचे नल्लकुंटा फार दूर नाही. तेथील सरकारी ज्वर-रुग्णालयास सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले आहे. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू त्यांनी १८९७ साली पाहिले, ते याच परिसरात, सिकंदराबादेस. लोक मात्र या रुग्णालयास ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. क्वारंटाइन शब्दाचे हे घरगुती रूप. मूळ अर्थ चाळीस दिवस, आपल्या उपवासकाळाएवढेच! घटसर्प, धनुर्वात, पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश, असे रोगी येथे यावयाचे. २०२० च्या आरंभी करोनाचे संशयित रुग्णही येथे वेगळे ठेवण्यात येऊ लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने ते वर्ष परिचारिका व सुईणींचे म्हणून योजिले होते, कारण फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मास त्या मे महिन्यात दोनशे वर्षे पुरी होत होती. आणि त्याच मार्चमध्ये महाविद्यालये बंद होऊन शुश्रूषा शिकणाऱ्या बहुतेक मुली घरी परतल्या. गरज होती तेव्हाच विद्यार्थिनी रुग्णाच्या खाटेपासून दूर गेल्या, हे आम्हांस मोठे विचित्र वाटते.

शिक्षण मोबाईलवर सुरू झाले. शरीरशास्त्र, औषधांची मात्रा, आहार हे विषय त्यावर कसेबसे शिकविता आले. तेही ज्या घरी एका यंत्रावर तीन भावंडांची शाळा भरत नव्हती, तेथेच. पण नाडी कशी पाहावी, शीर कशी शोधावी, घाबरलेल्या म्हाताऱ्यास कुशीवर कसे वळवावे, हे पडद्यावर कोण शिकविणार? प्रात्यक्षिके पुढे ढकलावी लागली. पुढे प्रयोगशाळेतील पुतळ्यांवर सराव आला. संरक्षक पोशाख घालण्यापेक्षा उतरविणे कठीण: हातमोजे आधी, मुखपट्टी अगदी शेवटी, आणि मधून मधून हात धुणे. क्रम चुकला तर पोशाखावरचा रोग अंगास लागावयाचा. हा पाठ शंभरदा गिरवावा लागतो, व तेथे पुतळा उपयोगी पडतो, हे आम्ही मान्य करतो.

दुसऱ्या लाटेत, ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने ठरविले की बी.एस्सी. व जी.एन.एम. उत्तीर्ण परिचारिकांना ज्येष्ठ डॉक्टर व परिचारिकांच्या देखरेखीखाली पूर्ण वेळ करोना-सेवेस घ्यावे. शंभर दिवस सेवा करणाऱ्यांस सरकारी नोकरभरतीत प्राधान्य देण्याचेही जाहीर झाले. ज्यांच्या शिक्षणाचे शेवटचे वर्ष घरी गेले, त्या मुलींना पहिला खरा रुग्ण प्राणवायूच्या नळीसह भेटला असेल. त्यांच्या आईबापांच्या त्या रात्री कशा गेल्या असतील!

त्याच वर्षी जुलैत भारतीय परिचर्या परिषदेचे बी.एस्सी.चे सुधारित नियम राजपत्रात आले. वर्षाऐवजी सहामाही सत्रे, आणि कृत्रिम प्रसंग रचून सराव करण्यास रीतसर स्थान. कन्येचे नाव घालू इच्छिणाऱ्या पालकांनी इमारत व शुल्क यांच्या आधी एवढे जरूर विचारावे: विद्यार्थिनींना कोणत्या रुग्णालयात पाठवितात, तेथे किती खाटा आहेत, आणि त्या भरलेल्या असतात काय?