लॅपटॉपसाठी डॅक घेताय? आधी चार्जर काढून बघा

लॅपटॉपला इअरफोन किंवा स्पीकर लावला की गाण्यामागे बारीक 'घूंऽऽ' किंवा 'स्स्स' ऐकू येतं. नेटवर शोधलं की सल्ला एकच: डॅक घ्या. घ्यायला हरकत नाही, पण आधी एक फुकटची टेस्ट करा. गाणं चालू असतानाच चार्जर काढा.

घुमणं लगेच थांबलं, तर घोळ बहुतेक विजेच्या जोडणीत आहे. बुलढाणा असो की मेहकर, भाड्याच्या खोलीत सॉकेट तीन पिनचं दिसतं, पण अर्थिंगची वायर जोडलेली असेलच असं नाही. यूएसबी डॅकसुद्धा त्याच लॅपटॉपमधून वीज घेतो, त्यामुळे बऱ्याचदा ती घरघर डॅकमधूनही ऐकू येते. इथे आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

चार्जर काढूनही आवाज राहिला, माउस हलवला की खरखर बदलली, तर मात्र डॅक कामाचा. गाण्याच्या फाइलमध्ये नुसते आकडे असतात. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० नमुने. त्या आकड्यांचं कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारी चिप म्हणजे डॅक. ती तुमच्या लॅपटॉपमध्ये आहेच, पण प्रोसेसर आणि बाकी सर्किटच्या गर्दीत. बाहेरचा डॅक हे काम त्या गर्दीपासून लांब नेतो, एवढंच. ब्लूटूथ हेडफोनमध्ये स्वतःचा डॅक असतो. त्यासाठी वेगळा घेऊ नका.

साध्या इअरफोनला टाइप-सी ते ३.५ मिमीचा छोटा डोंगल पुरतो. यात एक गोची आहे. काही स्वस्त डोंगलमध्ये चिपच नसते, नुसत्या वायरी असतात. ते ठरावीक फोनवर चालतात, लॅपटॉपवर मुके. म्हणून खामगाव-चिखलीच्या दुकानात जाताना लॅपटॉप सोबत न्या. डोंगल लावल्यावर साउंड सेटिंगच्या यादीत नवीन नाव आलं, तर आत चिप आहे. २५०-३०० ओहमचे मोठे हेडफोन असतील तरच जास्त ताकदीचा डॅक-अॅम्प बघा.

खोक्यावरच्या '३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ'ला भुलू नका. आपला कान जेमतेम २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि तेवढं सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमध्ये बसतं. यूट्यूबचा आवाज तर आधीच दाबून छोटा केलेला असतो. चांदीचा मुलामा दिलेली महागडी यूएसबी केबलही नको. चांदीच घ्यायची तर खामगावची पेठ आहेच की!

तोच डोंगल फोनलाही वापरायचा असेल तर फोनवरही वाजवून बघा. अॅपलचा छोटा डोंगल लॅपटॉपवर उत्तम वाजतो, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी येतो.