शेवाळ खाणारी कोळंबी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फिशटँकच्या काचेवर हिरवा थर धरू लागला की हमखास सल्ला मिळतो: चार कोळंब्या सोडा, आपोआप साफ होईल. या कामासाठी सर्वांत नावाजलेली ती अमानो कोळंबी. जपानी छायाचित्रकार आणि जलोद्यानकार ताकाशी अमानो यांनी १९८०च्या दशकात ती आपल्या टाक्यांमध्ये वापरून लोकप्रिय केली. ती शेवाळ खाते हे खरंच. पण तिच्याविषयीच्या काही समजुती तिच्याच जिवावर उठतात.

गैरसमज: ती सगळं शेवाळ फस्त करते.
वस्तुस्थिती: तिला मऊ, केसांसारखं शेवाळ आणि पानांवरचा बुळबुळीत थर आवडतो. काचेला घट्ट चिकटलेले हिरवे ठिपके तिला खरवडता येत नाहीत आणि पाणीच हिरवं झालं असेल तर तिचा काही उपयोग नाही. माशांचं खाणं मुबलक मिळालं, तर ती शेवाळाकडे ढुंकूनही पाहत नाही. शेवाळ माजतं ते जास्त उजेड आणि उरलेल्या अन्नामुळे. दिवा दिवसाला ६ ते ८ तास पुरे. टाकीवर थेट ऊन नको.

गैरसमज: नव्या टाकीत लगेच सोडली तरी चालते.
वस्तुस्थिती: विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचं रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर थांबावं.

गैरसमज: माशांना चालतं ते कोळंबीला चालतं.
वस्तुस्थिती: माशांच्या अनेक औषधांत तांबं असतं. मासा ज्या मात्रेत बरा होतो, तीच कोळंबीला मारू शकते. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय थेंबही टाकू नये. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण वापरावं. पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते रात्रभर ठेवूनही जात नाही.

गैरसमज: तळाशी पांढुरकी कोळंबी पडली, म्हणजे मेली.
वस्तुस्थिती: बहुतेकदा ती नुसती कात असते. नीट पाहिलं तर पाय, मिशा, शेपटी सगळं जागच्या जागी दिसतं, पण आत काहीच नसतं. पाठीवर डोक्यामागे फट असते आणि आरपार दिसतं. मेलेली कोळंबी मात्र अपारदर्शक, गुलाबीसर होते. कात काढून टाकू नये. कोळंब्या ती कुरतडून त्यातले क्षार परत मिळवतात. कात टाकल्यावर अंग मऊ असतं, म्हणून लपायला वनस्पती किंवा लाकूड हवं.

गैरसमज: अंडी धरली की पिल्लं होणारच.
वस्तुस्थिती: अमानोची मादी पोटाखाली शेकडो बारीक अंडी वागवते, पण त्यांतून निघालेल्या अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं. निसर्गात त्या ओढ्यांतून वाहत समुद्राकडे जातात आणि पिल्लं झाल्यावर गोड्या पाण्यात परततात. घरच्या टाकीत त्या काही दिवसांत मरतात. पिल्लं हवी असतील, तर लाल चेरी कोळंबी घ्यावी. ती गोड्या पाण्यातच वाढते.

गैरसमज: तिला वेगळं खाणं लागत नाही.
वस्तुस्थिती: शेवाळ संपलं की ती उपाशी राहते. वाफवलेल्या पालकाचं पान किंवा काकडीची चकती टाकावी आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी काढावं. विकत घेण्याआधीच हा विचार करावा: टाकी स्वच्छ झाल्यावरही कोळंबी दोन-तीन वर्षं जगते.