इटलीत सरकारं पडायची, सत्ता पडायची नाही

इटलीच्या राजकारणाबद्दल आपल्याला एक गोष्ट हमखास ठाऊक असते: तिथे सरकारं टिकत नाहीत. ते खरंच आहे. १९४६ साली प्रजासत्ताक आल्यापासून १९९४ पर्यंत तिथे जवळजवळ ५० मंत्रिमंडळं झाली. म्हणजे सरासरी वर्षाला एक. पण त्याच्या शेजारी हा दुसरा आकडा ठेवून बघा. डिसेंबर १९४५ ते जून १९८१ या साडेपस्तीस वर्षांत प्रत्येक पंतप्रधान एकाच पक्षाचा होता, ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचा. याच पक्षाच्या जुलिओ आंद्रेओत्तींनी तर सात मंत्रिमंडळांचं नेतृत्व केलं.

मग या देशाचा आजार नक्की कोणता? अस्थिरता, की सत्ता कधी हलतच नाही हा? नेहमीचं उत्तर असतं, "पक्ष फार झाले होते." आज हे उत्तर तपासून बघू.

पक्ष मोजायचे कसे?

मतपत्रिकेवर २० नावं असली म्हणजे २० पक्ष, असं धरून चालत नाही. अर्धा टक्का मतं घेणारा आणि ४० टक्के घेणारा पक्ष सारखेच कसे मोजणार? यासाठी १९७९ साली मार्कू लाक्सो आणि राइन टागेपेरा यांनी एक सोपं सूत्र मांडलं. (यातले टागेपेरा मुळात भौतिकशास्त्राचे डॉक्टरेट, त्यामुळे आम्हा विज्ञानवाल्यांना जरा जवळचे.) प्रत्येक पक्षाच्या मतांच्या वाट्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि १ ला त्या बेरजेने भागायचं. दोन पक्षांना ५०-५० टक्के मतं असतील तर उत्तर २ येतं. ९०-१० असेल तर साधारण १.२, म्हणजे दुसरा पक्ष जवळपास नावापुरताच. एखाद्या जंगलातली जैवविविधता मोजायला हेच गणित वापरतात.

आता इटलीची १९७६ ची निवडणूक घ्या. ख्रिश्चन डेमोक्रॅट ३८.७ टक्के, कम्युनिस्ट ३४.४, समाजवादी ९.६, नवफॅसिस्ट ६.१ आणि उरलेले छोटे पक्ष. सूत्रात घातलं की उत्तर येतं साधारण ३.५. हे काही भयंकर नाही. डेन्मार्कमध्ये १९७३ साली १० पक्ष संसदेत पोचले होते, तरी तिथली सत्ता एका गटाकडून दुसऱ्याकडे जातच राहिली. तेव्हा नुसत्या संख्येने काम भागत नाही.

कोण खेळात आहे?

इथे जोव्हानी सार्तोरी हे इटालियन राज्यशास्त्रज्ञ कामाला येतात. १९७६ च्या आपल्या ग्रंथात ते म्हणतात की पक्ष मोजताना दोन प्रश्न विचारा. हा पक्ष कधी सरकारात घेतला जाऊ शकतो का? आणि नसेल, तर बाहेर राहून तो बाकीच्यांच्या चाली बदलायला लावतो का?

इटलीत कम्युनिस्ट पक्ष दुसऱ्या प्रकारातला होता. गंमत म्हणजे लोकशाहीची घडी बसवण्यात त्याचा मोठा वाटा होता. राज्यघटनेवर सही करणाऱ्यांत संविधान सभेचे अध्यक्ष उम्बेर्तो तेर्राचिनी होते, ते कम्युनिस्ट. पण मे १९४७ मध्ये पंतप्रधान दे गास्पेरींनी या पक्षाला सरकारबाहेर काढलं. शीतयुद्ध सुरू झालं होतं, १९४९ मध्ये इटली नाटोत गेली, आणि "कम्युनिस्ट केंद्र सरकारात नकोत" हा अलिखित नियम पक्का झाला. बोलोन्यासारखी शहरं ते चालवत होते. रोममध्ये मात्र त्यांना मंत्रिपद नाही. १९७६ नंतर त्यांनी आंद्रेओत्ती सरकार बाहेरून तगवलं, तरीही नाही. उजव्या टोकाचे नवफॅसिस्टही असेच वेगळे ठेवलेले.

आता पुन्हा गणित करू. ३४.४ अधिक ६.१ म्हणजे ४०.५ टक्के मतं आधीच खेळाबाहेर. उरलेल्या ५९.५ मध्ये एकट्या ख्रिश्चन डेमोक्रॅटांची ३८.७, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश. त्यांच्याशिवाय सरकार बनणारच कसं? मंत्री बदलत, युतीतले भागीदार बदलत, पक्षातले गट आपापसात भांडून सरकार पाडत. पण मतदाराने चिडून कुणाला घरी पाठवावं, तर तशी सोयच नव्हती. ज्याला हरण्याची भीती नाही तो सैल होतो. आणि ज्याला सत्ता मिळणारच नाही तो वाटेल ती आश्वासनं देऊ शकतो. सार्तोरींचं निदान थोडक्यात हेच.

परिणाम सगळीकडे दिसले. सरकारी वाहिन्यासुद्धा वाटून घेतल्या होत्या: पहिली ख्रिश्चन डेमोक्रॅटांकडे, दुसरी समाजवाद्यांकडे आणि पुढे तिसरी कम्युनिस्टांकडे.

भिंत पडली, मग पक्ष पडले

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. १९९१ मध्ये इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाने स्वतःचं विसर्जन करून नवं नाव घेतलं. "आम्हाला मत द्या, नाहीतर ते येतील" ही भीतीच संपली. १७ फेब्रुवारी १९९२ रोजी मिलानमध्ये एका वृद्धाश्रमाचे प्रमुख, समाजवादी नेते मारिओ किएझा लाच घेताना पकडले गेले, आणि तिथून धागा उलगडत देशभराची लाचखोरी बाहेर आली. एप्रिल १९९३ च्या जनमत चाचणीत ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी सिनेटची निवडणूक पद्धत बदलायला कौल दिला. जानेवारी १९९४ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष संपला. दोनच महिन्यांनी सिल्व्हिओ बेर्लुस्कोनींचा कोरा करकरीत पक्ष निवडणुकीत पहिला आला.

त्यानंतर सत्तापालट मात्र भरपूर झाले. १९९६, २००१, २००६, २००८, प्रत्येक वेळी आधीच्या निवडणुकीत जिंकलेली बाजू हरली. म्हणजे आजार बरा झाला?

इथे जरा थांबायला हवं. जुन्या पक्षांनी एक मोठं काम केलं होतं. फॅसिझममधून बाहेर आलेल्या देशाला त्यांनी राजकारणाची सवय लावली. १९५० च्या सुरुवातीला एकट्या कम्युनिस्ट पक्षाचे २० लाखांहून जास्त सदस्य होते. दुसऱ्या बाजूला चर्चच्या संघटनांचं जाळं होतं. १९७६ मध्ये ९३ टक्के मतदान झालं होतं. २०२२ मध्ये ते ६४ टक्क्यांच्या आसपास आलं. पक्ष मोडले तसा माणसाला राजकारणाशी बांधून ठेवणारा धागाही तुटला. मतदान घटायला इतरही कारणं आहेत, पण हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

म्हणून कुठल्याही देशात "पक्ष किती?" हा प्रश्न पुरत नाही. दोन प्रश्न जास्त कामाचे: मतदाराला सत्तेवरच्यांना खरंच हटवता येतं का? आणि दोन निवडणुकांच्या मध्ये त्याला राजकारणाशी जोडणारं काही आहे का? इटलीला आधी दुसरं मिळालं, मग पहिलं. दोन्ही एकत्र मात्र फारसं लाभलं नाही.