खाचांची पट्टी ते क्यूआर कोड : गिरणगावातील औषधव्यवहाराचा मागोवा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ-लालबागच्या चाळींत, कोकणातून व घाटावरून आलेला गिरणी कामगार स्थिरावला, तेव्हा त्या वर्गातील अनेकांना अक्षरओळख नव्हती. मात्र औषध घेण्यासाठी ती फारशी लागतही नसे. दवाखान्यातील कंपाउंडर, म्हणजे डॉक्टरांच्या सूचनेनुसार औषध तयार करून देणारा मदतनीस, बाटलीत मिक्स्चर भरून तिच्या बाजूला कातरीने खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवीत असे, आणि दोन खाचांमधले औषध ही एक मात्रा ठरे. चूर्णाच्या पुड्यांतही एका पुडीत एका वेळेचेच औषध असे. मोजण्याचे काम बाटलीकडे होते आणि समजावण्याचे काम तोंडी होई.

१९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय सुरू झाले, १९३९ मध्ये शहरात प्रौढ साक्षरतेची मोहीम निघाली आणि १९४८ च्या कायद्याने आलेली कामगार राज्य विमा योजना १९५४ मध्ये मुंबईत लागू झाली. उपचार आणि अक्षरे दोन्ही जवळ आली. परंतु पुढील दशकांत मिक्स्चरची जागा कारखान्यात बनलेल्या गोळ्यांच्या पट्ट्यांनी घेतली आणि त्यांवरील मजकूर प्रामुख्याने इंग्रजीत असल्याने मराठी वाचू शकणारा कामगारही त्या मजकुरापुढे निरक्षरच ठरला. जनगणनेत कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणारी सात वर्षे व त्यावरील वयाची व्यक्ती साक्षर मानली जाते; १९५१ मध्ये सुमारे १८ टक्के असलेले देशातील साक्षरतेचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे ७३ टक्क्यांवर पोहोचले, तरी औषधाची पट्टी वाचता येते की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही.

न वाचणारा ग्राहक गोळी रंग, आकार आणि चकाकीवरून ओळखतो. म्हणून दुकानदाराने तेच औषध दुसऱ्या कंपनीचे दिले, की जुनी व नवी अशा दोन्ही गोळ्या घेतल्या जाण्याचा धोका उद्भवतो. चारच गोळ्या कापून घेतल्या, तर औषधाचे नाव व मुदतीची तारीख अनेकदा उरलेल्या तुकड्यावर राहते. चिठ्ठीवरील ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हा संकेतही कोणीतरी सांगितल्यावाचून उलगडत नाही.

या अडचणीची दखल काही योजनांनी घेतली. १९९७ पासून राबवलेल्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमात प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र खोका असे, उपचारगटानुसार त्याचा रंग वेगळा, जसे लाल किंवा निळा, असे, आणि गोळी आरोग्यसेवकासमोर घेतली जाई. २०१६ मध्ये प्रतिजैविकांच्या वेष्टनावरील उभ्या लाल रेघेचा अर्थ लोकांपर्यंत नेण्याची मोहीम निघाली, तो अर्थ असा की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये. ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला. तो फोनने टिपला, तरी मिळणारी माहिती पुन्हा वाचावीच लागते.

शतकभरात औषध अधिक शुद्ध आणि अधिक सुलभ झाले. मात्र मात्रा समजावण्याचे जे ओझे पूर्वी कंपाउंडर उचलीत असे, ते आता रुग्णाच्या वाचनशक्तीवर पडले आहे.