घाट, घड्याळ आणि घरची मोटार

मोटारींच्या शर्यतीचा विषय, आणि तोही बीड जिल्ह्यात, हे ऐकून काही श्रोत्यांस हसू येईल. ज्या जिल्ह्याचे नाव काढताच दुष्काळ आणि ऊसतोड हेच शब्द आठवतात, तेथे ही हौस कोणास सुचावी? परंतु गावातील कोणत्याही गॅरेजपुढे सायंकाळी घटकाभर उभे राहावे. जुन्या जीपला रुंद चाके बसविणारा, मोडीतल्या मोटारीचे इंजिन पुन्हा जिवंत करणारा एखादा तरुण तेथे हमखास भेटतो. आणि बोलता बोलता अमुक घाट आपण किती मिनिटांत चढलो, हेही तो अभिमानाने सांगतो. म्हणजे हौस आहे आणि हातात कसबही आहे. या हौसेचा एक रीतसर खेळ जगात सव्वाशे वर्षे चालत आला आहे, आणि त्याचा पहिलाच नियम या तरुणाच्या अभिमानाच्या नेमका उलट आहे, एवढे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

या खेळास इंग्रजीत हिल क्लाइंब म्हणतात. आपण घाटचढाई म्हणू. एका चढणीचा ठरावीक तुकडा घ्यावयाचा, तो दोन्ही टोकांनी बंद करावयाचा, आणि एका वेळी एकच मोटार खालून वर सोडावयाची. शेजारी प्रतिस्पर्धी नाही, समोरून कोणी येत नाही. स्पर्धा असते ती घड्याळाशी. प्रत्येकास सरावाच्या आणि मोजणीच्या फेऱ्या मिळतात, आणि कमीत कमी वेळ घेईल तो पहिला. वळणावळणावर झेंडे घेऊन पंच उभे असतात. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे असे समजावयाचे, आणि लाल दिसला की थांबावयाचे.

खेळ जुना आहे. १८९७ साली फ्रान्समध्ये नीस शहराजवळच्या ला तुर्बीच्या चढावर मोटारी धावल्या. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ शांतलू येथील चढाईत कामीय जेनात्झी याने पहिला क्रमांक मिळविला, तो विजेवर चालणाऱ्या मोटारीने! इंग्लंडमधील शेल्सली वॉल्श येथील चढण १९०५ पासून वापरात आहे. तिची लांबी सुमारे ९१४ मीटर, आणि तेवढ्यात ती १०० मीटर उंची गाठते. अमेरिकेत पाइक्स पीक या पर्वतावर १९१६ साली सुरू झालेली चढाई सुमारे २० किलोमीटरांची आणि १५६ वळणांची आहे. तेथे २०१८ साली रोमँ द्युमा याने आठ मिनिटांच्या आत शिखर गाठले, आणि त्याचीही मोटार विजेचीच होती.

आता आपल्या घरी येऊ. बालाघाटाच्या रांगेने आपला जिल्हा आडवा कापला आहे. उत्तरेस गोदावरीचे खोरे, दक्षिणेस मांजरेचे. बीडहून पाली ओलांडून पुढे निघाले की मांजरसुंब्याचा घाट लागतो. धारूरहून तेलगावकडे उतरणारा घाट तर अरुंद, वळणांचा आणि अपघातांमुळे सर्वांस ठाऊक झालेला. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघालेली कुटुंबे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून याच घाटांतून जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. ट्रॉलीत भांडीकुंडी असतात, शेळी असते, तान्ही मुले असतात. वळणाच्या पलीकडे काय आहे हे खुल्या घाटात कोणासही दिसत नाही. आपला वेळ मोजीत वर निघालेल्या तरुणाने त्या ट्रॉलीतील माणसांची संमती घेतलेली नसते. म्हणूनच या खेळाचा पहिला नियम असा की, रस्ता बंद नसेल तर खेळ नाही. ‘अति घाई, संकटात नेई’ ही घाटातली पाटी आपण थट्टेने वाचतो. घाटचढाईचे सारे शास्त्र त्या पाटीची बाजू घेणारे आहे.

ते शास्त्र थोडे हिशेबाने पाहू. समजा, वळणाची त्रिज्या १५ मीटर आहे, आणि टायरची पकड कोरड्या डांबरावर असावी तशी चांगली आहे. अशा वळणावर मोटार ताशी सुमारे ३९ किलोमीटरपर्यंतच टिकते. त्यापुढे ती बाहेर सरकते. त्याच वळणावर बारीक खडी पसरली आणि पकड निम्मी झाली, तर ही मर्यादा २८ वर येते. या हिशेबात इंजिनाच्या शक्तीचा कोठेही संबंध नाही, हे ध्यानात घ्यावे. थांबण्याचेही तसेच. ताशी ६० च्या वेगाने सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून मोटार थांबेपर्यंत सुमारे २० मीटर जातात. ताशी ८० ला ३६ मीटर. वेग एक तृतीयांशाने वाढला, तर अंतर जवळजवळ पावणेदोन पट झाले. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही; एक सेकंद उशीर झाला तर आणखी १७ ते २२ मीटर जातात.

मग शक्तीचे काय? शक्ती लागते ती वजन वर उचलण्यास. शेल्सलीइतकी, म्हणजे १०० मीटर उंचीची चढण ३० सेकंदांत चढावयाची असेल, तर चालकासह ७०० किलोच्या मोटारीस केवळ वर जाण्यासाठीच सुमारे ३१ अश्वशक्ती खर्चावी लागते. १,४०० किलोच्या मोटारीस त्याच कामासाठी ६२ लागतात. म्हणून जाणता माणूस इंजिन मोठे करण्याच्या आधी मोटार हलकी करतो.

येथेच सुट्या भागांच्या मोटारीचा, म्हणजे किट कारचा विषय निघतो. पोलादी नळ्यांचा सांगाडा, पातळ पत्र्याची अगर फायबरची काया, आणि दुसऱ्या एखाद्या मोटारीचे इंजिन व गिअर, असा हा संसार. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ ही सुमारे ५०० किलोची मोटार काढली. सुट्या भागांत विकत घेतली तर खरेदीवरचा कर वाचे. म्हणून कित्येक इंग्रज हौशी लोकांनी ती आपल्या घरीच जोडली. १९७३ पासून तिचा वारसा केटरहॅम कंपनीकडे गेला. महाराष्ट्रात या शतकाच्या आरंभी अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने त्याच घाटाची रोडस्टर बनविली होती. तिची काया फायबरची आणि इंजिन इसुझूचे १.८ लिटरचे होते.

आणि निव्वळ घरच्या कसबाचे उदाहरण हवे असेल, तर सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे घ्यावे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून, पायाने किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले. पण ती नियमांत बसत नाही, आज ना उद्या रस्त्यावर अडविली जाईल, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबास ती मिळाली. कौतुक कसबाचे झाले. रस्त्याचा परवाना त्याने मिळाला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हाच या विषयातील शहाणपणा होय.

कायदा काय म्हणतो, तेही सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या रूपाहून मोटारीची मूळ रचना बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच स्पष्ट केले. नव्या रचनेचे वाहन रस्त्यावर आणावयाचे तर पुण्याची एआरएआय किंवा आपल्या शेजारच्या अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून त्याची कसोटी व्हावी लागते. एकट्या हौशी माणसास हे सहसा परवडत नाही. कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी वेगाची शर्यत वा चाचणी करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड ठरला. सबब घरी जोडलेली मोटार शर्यतीच्या जागी ट्रकमधून अगर ट्रेलरवरून न्यावी, तेथेच चालवावी, आणि तशीच परत आणावी.

मग आरंभ कोठून करावा? आमच्या मते पहिले वर्ष मोटार न बांधता काढावे. १९७१ साली स्थापन झालेली फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही देशातील या खेळाची मध्यवर्ती संस्था. तिच्या मान्यतेने होणाऱ्या एखाद्या शर्यतीस स्वयंसेवक म्हणून जावे. झेंडा धरून एक दिवस वळणावर उभे राहिले म्हणजे कोण कोठे चुकतो, हे आपोआप कळते. त्यानंतर कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीसारख्या कार्टिंगच्या मार्गावर हात बसवावा. आपल्या मुलखातून जाऊन येण्यासारखे ते ठिकाण आहे. मग स्पर्धकाचा परवाना काढावा, आणि पहिल्या एकदोन शर्यती साध्या, कंपनीतून आल्या तशा मोटारीने कराव्यात.

मुलगा अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात असेल तर त्यास आणखी एक वाट मोकळी आहे. पीथमपूर येथे २००७ साली सुरू झालेल्या ‘बाहा’ स्पर्धेत विद्यार्थी स्वतः गाडी बांधतात. तेथे वेगाच्या परीक्षेआधी ब्रेकची परीक्षा असते. चारही चाके एकदम जखडली नाहीत, तर गाडी पुढे सोडीत नाहीत.

किट कार त्यानंतर घ्यावी. घेताना इंजिनाकडे शेवटी पाहावे. आधी सांगाड्याचे वेल्डिंग पाहावे. मोटार उलटली तर डोके वाचविणारा रोल केज, म्हणजे पोलादी पिंजरा, नियमाप्रमाणे आहे की नाही हे पाहावे. मग ब्रेक, आसनाचे पट्टे, आगीचे नळकांडे आणि बॅटरी एका क्षणात तोडणारी कळ पाहावी. इंजिन असे असावे की ज्याचे भाग बीडच्या बाजारात मिळतील. एका गॅस्केटसाठी मुंबईची वाट पाहणारी मोटार हंगामभर छपराखालीच राहते. शिरस्त्राण आणि आग न धरणारा पोशाख यांत काटकसर करू नये. आणि पहिल्या हंगामात दुसऱ्याचा वेळ पाहूच नये. आपला कालचा वेळ आज अर्ध्या सेकंदाने उतरला, तर पेढे वाटावेत.

आपल्या घाटात कधी अशी रीतसर चढाई होईल काय? रस्ता बंद ठेवण्याची संमती, पंच, रुग्णवाहिका, वाहतुकीस दुसरी वाट, एवढे जमले तर न होण्यास कारण नाही. पण ते जमेपर्यंत आपल्या ओळखीतील जो तरुण घाटातला आपला वेळ अभिमानाने सांगतो, त्यास इतकेच विचारावे: “बाळ, त्या वेळी घाट बंद होता का रे?” त्याच्या हातातील कसब मोलाचे आहे. ते वळणावर सांडू नये; आणि वळणापलीकडची ट्रॉली सुखरूप घरी पोचावी.