रोटरी एन्कोडर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चिंचणी, वरोर, डहाणू हा पट्टा दागिन्यांच्या डाय बनवण्यासाठी ओळखला जातो. डाय कोरण्याचे काम सीएनसी यंत्रावर होते तेव्हा हत्यार केसभर सरकवायला जे हातचाक फिरवतात, ते म्हणजे रोटरी एन्कोडरच. त्याच्या एका फेरीत सहसा १०० पल्स मिळतात, पल्समागे ०.०१ मिमी ठरवले, तर पूर्ण फेरीत हत्यार १ मिमी सरकते. केवाय-०४० हा स्वस्त एन्कोडर आर्डुइनोला जोडून हेच तंत्र घरी शिकता येते. त्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : एन्कोडर म्हणजे पोटेन्शिओमीटर.
वस्तुस्थिती : पोटेन्शिओमीटर व्होल्टेजवरून जागा सांगतो आणि बहुधा एका फेरीआधीच अडतो. एन्कोडर कितीही फिरतो. त्याचे दोन सिग्नल पाव आवर्तनाने मागेपुढे असतात. आधी कोणता बदलला, यावरून दिशा कळते. म्हणून त्याला डिजिटल पिना लागतात.

गैरसमज : वीज गेली तरी एन्कोडरला जागा आठवते.
वस्तुस्थिती : केवाय-०४०सारखा एन्कोडर फक्त बदल सांगतो, मोजणी प्रोग्राम करतो. आकडा ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत जपला, तरी वीज नसताना दांडा फिरला तर तो चुकतो. म्हणूनच अनेक सीएनसी यंत्रे सुरू करताना आधी होमिंग करावे लागते, म्हणजे हत्यार ठरलेल्या आरंभबिंदूवर न्यावे लागते.

गैरसमज : एका खटक्याला दोन-चार आकडे पडले, म्हणजे एन्कोडर खराब.
वस्तुस्थिती : आतले धातूचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात. शिवाय पूर्ण आवर्तनात सिग्नल चारदा बदलतात : ००, ०१, ११, १०. हाच क्रम, सुलट किंवा उलट, मान्य करून बाकीचे बदल प्रोग्रामने नाकारले की मोजणी सुधारते.

गैरसमज : इंटरप्टशिवाय (पिन बदलताच चालू काम थांबवून दखल घेण्याच्या सोयीशिवाय) एन्कोडर चालतच नाही.
वस्तुस्थिती : हाताने फिरवायच्या खुंटीसाठी दर मिलिसेकंदाला पिना वाचणे पुरते. फक्त प्रोग्राम डिलेमध्ये अडकू देऊ नका. वेगवान मोटरसाठी मात्र इंटरप्ट किंवा हार्डवेअर काउंटर आणि ऑप्टिकल एन्कोडर घ्या. धातूचे संपर्क तिथे लवकर झिजतात.

गैरसमज : केवाय-०४० मॉड्यूलला ५ व्होल्टच हवेत.
वस्तुस्थिती : ते ३.३ व्होल्टवरही चालते. ईएसपी३२ बोर्डासोबत ३.३ व्होल्टच द्या. नाहीतर पुल-अप रोधकांतून ५ व्होल्ट बोर्डाच्या पिनांवर येतात.

आकडे चुकले तर लगेच नवा एन्कोडर आणू नका. दोन्ही सिग्नल सिरियल मॉनिटरवर छापा आणि दांडा सावकाश फिरवून क्रम तपासा. बहुतेक वेळा दुरुस्ती प्रोग्राममध्येच करावी लागते.