खटका पडतो तेव्हा

पावसाळ्यात, महिनाभर पडून असलेला ओव्हन लावला आणि घरभर अंधार झाला. वायरमन येतो, डीबी (विजेचा मुख्य बोर्ड) उघडतो नि निकाल देतो, "ईएलसीबी फार नाजूक आहे, बायपास करून टाकतो. एमसीबी आहेच की!" एवढ्याशा बोलण्यात दोन गैरसमज आहेत, आणि दुसरा जिवावर बेतणारा.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस नव्हे. पॉवर प्लगचा 16 अँपिअरचा एमसीबी पडायला 16,000 मिलीअँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. मिक्सरच्या सोललेल्या वायरला ओला हात लागला, तर अंगातून जमिनीत शंभराहूनही कमी मिलीअँपिअर गेले तरी हृदयाची लय बिघडू शकते. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी (जुन्या सवयीने सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात) फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. घरात साधारण 30 मिलीअँपिअरची तफावत दिसली, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडतो. अमेरिकेत हीच सोय ओट्यावरच्या सॉकेटमध्ये असते; त्याला 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन बटणे असतात. तिथे मर्यादा आणखी कडक, सुमारे 5 मिलीअँपिअर. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झियल यांनी 1961 मध्ये शोधलेले हे अमेरिकी तंत्र.

मग ओव्हनने खटका का पाडला? त्याच्या कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती दमट हवेतला ओलावा पिते आणि प्रवाह झिरपू लागतो. म्हणजे खटक्याने चहाडी केली, ती खरीच होती. सगळे प्लग काढून एकेक लावत गेले की गुन्हेगार सापडतो. कधी मात्र दोषी कोणीच नसतो: फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांची थोडी थोडी गळती मिळून मर्यादेला भिडते. तेव्हा फ्रिजला वेगळा आरसीसीबी द्यावा, बायपास नव्हे.

अर्थिंग नसेल तर आरसीसीबी निरुपयोगी, हेही अर्धसत्य. तो तरीही चालतो, पण कुणीतरी हात लावेपर्यंत थांबतो. अर्थिंग असले, तर फेज उपकरणाच्या धातूच्या अंगाला लागताच पडतो.

आणि तो असला म्हणजे शॉक बसणारच नाही, असेही नाही. एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला लागला, तर त्याच्या लेखी माणूस आणि बल्ब सारखेच.

आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. खटका पडला नाही, तर आरसीसीबी बदलावा. पडला, तर तो ठीक आहे. अर्थिंगचे काय, हे मात्र त्या बटणाला कळत नाही.